पिलूं एक, हात अकरा

श्रावणांतल्या एका भर पावसाच्या संध्याकाळीं आमचे धाकटे भाऊजी कचेरींतून घरीं आले, ते रेनकोटाच्या आंत कांहीं तरी दडवूनच. ओटीवर येतांच त्यांनीं गुंड्या सोडल्या आणि आंतून एक ओलें, काकडलेलें, गांवठी कुत्र्याचें पिलूं बाहेर काढलें. त्याची आई दोन दिवसांपूर्वीं रस्त्यावर मोटारीखालीं सांपडली होती. भावंडांचा पत्ता नव्हता. ‘एक रात्र राहूं द्या, उद्यां कोठें तरी सोय पाहतों,’ असें भाऊजी म्हणाले. घरांत आलेल्या बहुतेक पिलांसंबंधीं कोणी ना कोणी हें वाक्य बोललेलें असतें, आणि तें पिलूं पुढें बारा-चौदा वर्षें त्याच घरांत राहतें, हें ज्यांनीं कुत्रें पाळलें आहे त्यांस सांगावयास नकोच.

सासूबाईंनीं प्रथम नाक मुरडलें. ‘ऐन श्रावणांत हें काय घेऊन आलास रे!’ म्हणून झालें. परंतु पिलूं कण्हूं लागलें तेव्हां त्याच उठल्या, दूध कोमट केलें, जर्मनच्या एका जुन्या वाटींत ओतलें आणि त्यांत मऊ भात कुस्करला. आमच्या घरांतील प्रत्येक मुलानें लहानपणीं त्यांच्याच हातचा दूधभात खाल्लेला आहे. पिलानें वाटी चाटूनपुसून साफ केली. मुलांनीं त्याचें नांव खंड्या ठेवलें, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटेपासून खंड्याचें पोट बिघडलें.

घरसंसाराच्या ह्या सदरांत कुत्र्याच्या पोटाचें पुराण कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरांत दहा-बारा माणसें एकत्र नांदतात त्या घरांत पिलाचें पोट हा एकट्या पिलाचा प्रश्न राहत नाहीं, असा माझा अनुभव आहे. शिवाय आपल्याकडे माणसाच्या अपचनावर प्रत्येकाजवळ एक औषध असतें आणि तें मुक्या जनावरावरही चालेल अशी प्रत्येकाची खात्री असते. त्या खात्रीपायीं आमचें पिलूं जातां जातां वांचलें, म्हणून हें लिहीत आहें.

आमच्या घरीं मोजून अकरा माणसें. मामंजी, सासूबाई, आम्ही तिघी जावा व आमचे तिघांचे संसार, आणि तीन मुलें. पिलाला जुलाब होऊं लागले हें कळतांच ह्या अकराही जणांनीं त्याला बरें करण्याचा चंग बांधला. सासूबाई म्हणाल्या, अशक्त झालें आहे, दूध वाढवा. थोरल्या जाऊबाईंनीं आटवलांत साजूक तूप घातलें. धाकटी जाऊ बाजारांतून पिलांसाठीं तयार मिळणाऱ्या खाद्याची एक पिशवी घेऊन आली. तें त्याला मानवलें नाहीं असें दुसऱ्याच दिवशीं ठरवून निराळी पिशवी आणली, आणि आठवड्याच्या आंत तिसरी. मामंजी निवृत्त शिक्षक. कुत्रें हें मुळांत लांडग्याच्या कुळांतलें, त्याला भात पचणारच नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. मुलें बोलत कांहींच नव्हतीं. तीं फक्त बिस्किटें देत होतीं.

मामंजींचें तें म्हणणें अर्धेंच खरें होतें, हें येथें सांगून टाकतें. कुत्र्याचे पूर्वज लांडगे होते खरे. परंतु माणसाच्या उष्ट्याखरकट्यावर हजारों वर्षें काढल्यामुळें कुत्र्याच्या शरीरांत पिष्टमय अन्न पचविण्याची सोय लांडग्यापेक्षां पुष्कळच अधिक झालेली आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं २०१३ सालीं ही गोष्ट जनुकांच्या तपासणीवरून दाखवून दिली. तेव्हां नीट शिजलेला भात कुत्र्याला पचतो. दोष भाताचा नव्हता.

दहाव्या दिवशीं खंड्यानें दोनदां ओकारी काढली. मामंजींनीं लंघन सुचविलें. मलाही तें पटलें. आपल्याकडे पोट बिघडलेल्या माणसाला एक दिवस उपाशी ठेवतातच. सकाळपासून मीं त्याच्यापुढें वाटी ठेवली नाहीं आणि कोणाला ठेवूंही दिली नाहीं. रात्रीं नवाच्या सुमारास पाहतें तों पिलूं गोणपाटावर आडवें पडलेलें, मान उचलीना, हांकेला कान हलवीना. अंग गार लागत होतें. मुलें रडूं लागलीं. सासूबाई देवापुढें जाऊन बसल्या, आणि भाऊजी व मी त्याला टॉवेलांत गुंडाळून पशुवैद्याकडे निघालों.

डॉक्टरांनीं पहिल्यानें त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या फिकट आणि चिकट होत्या. मग मानेवरची कातडी चिमटींत धरून सोडली, ती लगेच जागेवर बसेना. अंगांतलें पाणी कमी झाल्याची ही खूण. रक्तांतील साखर तपासली तर ती फारच उतरलेली. ‘किती वेळ उपाशी आहे?’ असें त्यांनीं विचारलें तेव्हां मला उत्तर देतांना लाज वाटली. मोठें कुत्रें एखादा दिवस न खातां सहज काढतें. परंतु एवढ्याशा पिलाच्या यकृतांत साखरेचा सांठा जेमतेम कांहीं तासांचा. त्यांतून तें जुलाबानें गळलेलें. अशा पिलाला लंघन घडविणें म्हणजे त्याचा दिवा विझविणेंच होय. वाटेंत त्याच्या हिरड्यांना बोटभर मध लावला असता तरी थोडा आधार झाला असता, असें त्यांनीं सांगितलें. घरांत मधाची बाटली होती.

शिरेंतून साखर व क्षारांचें पाणी सुरू झालें. तेवढ्यांत विष्ठेची तपासणी झाली. ज्या रोगाची डॉक्टरांना मुख्य धास्ती होती तो पार्वो निघाला नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं जंतांचीं अंडीं मात्र भरपूर दिसलीं. हे जंत पिलाला आईच्या पोटांतूनच आणि पुढें तिच्या दुधांतून मिळतात, म्हणून रस्त्यावरचें प्रत्येक पिलूं जंताळलेलें आहे असेंच धरून चालावें. दांत पाहून वय सहा आठवड्यांचें ठरलें. वास्तविक पिलानें आठ आठवडे तरी आईजवळ असावयास हवें.

मध्यरात्रीं खंड्यानें डोळे उघडले आणि माझ्या बोटाला चाटलें. निघतांना डॉक्टरांनीं औषध दिलें तें जंतांचें, आणि एक काम सांगितलें. ‘मागच्या दोन दिवसांत ह्यानें काय काय खाल्लें तें घरीं सर्वांना विचारून लिहा, आणि उद्यां घेऊन या.’

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी माजघरांत कागद घेऊन बसलें. आपण फार कांहीं दिलें नाहीं असें ज्याला त्याला वाटत होतें. ‘मीं फक्त एवढंसं दिलं,’ हेंच वाक्य मीं अकरा वेळां ऐकलें. त्यांत एकदां तें माझें स्वतःचें होतें. पहांटे वाटीभर दूध. चहाबरोबर मामंजींच्या बशींतलें भिजलेलें बिस्किट. तूप लावलेली पोळी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, बेदाण्यांसकट. आमटीभाताचे दोन घांस. तिसऱ्या पिशवींतलें खाद्य. दुपारीं पुन्हां दूध. शाळेंतून आलेल्या मुलाच्या खिशांतली चॉकलेटची वडी, अर्धी. दहीभात. पेढ्याचा तुकडा. रात्रीं दूधभात. कागदाची एक बाजू भरून मागची सुरू झाली. पिलाचें वजन त्या वेळीं होतें दीड किलोहून कमी! मामंजींनीं तो कागद वाचला, चष्मा पुसला, आणि कांहीं न बोलतां माझ्याकडे परत दिला.

त्या यादींतील प्रत्येक जिन्नस निराळा होता, हें एकच कारण पोट बिघडविण्यास पुरेसें होतें. पिलाच्या आंतड्यांत पाचक रस आणि उपयोगी जंतू हे त्याला रोज मिळणाऱ्या अन्नाला हळूहळू सरावत असतात. अन्न दर प्रहरीं बदललें तर तो सराव होतच नाहीं. अर्धवट पचलेलें अन्न मोठ्या आंतड्यांत जाऊन कुजतें आणि पाणी ओढून घेतें. पण सर्वांत मोठी अडचण होती ती दुधाची. कुत्रीच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिनें गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक आणि दुग्धशर्करा मात्र कमी असते. ही शर्करा पचविणारा रस पिलाच्या आंतड्यांत दूध तुटूं लागलें कीं ओसरत जातो. मग गाई-म्हशीच्या दुधांतील शर्करा न पचतां पुढें सरकते आणि जुलाब होतात. कांहीं कुत्र्यांना दूध सोसतें, हें खरें. खंड्याला सोसत नव्हतें. म्हणजे आम्ही जुलाब झाले म्हणून दूध देत होतों आणि दूध दिल्यामुळें जुलाब होत होते.

हें सासूबाईंना सांगावयाचें कोणी? पिलूं ज्या दिवशीं आलें त्या दिवशीं त्याला ऊब मिळाली ती त्यांच्या वाटीची. माझी जीभ रेटेना. शेवटीं थोरल्या जाऊबाईंनीं स्वयंपाकघरांत जातां जातां सांगून टाकलें. सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे मीच त्याला मारीत होतें म्हणा ना!’ आणि त्या दिवशीं त्या नेहमीच्या अर्ध्याच जेवल्या. वाटी त्यांनीं घासून फडताळांत ठेवून दिली.

डॉक्टरांनीं सांगितलेलें पथ्य साधें होतें : एक अन्न, एक वेळापत्रक आणि एक हात. पहिलीं दोन ठरविणें सोपें. एकत्र कुटुंबांत तिसरें कठीण. कोणाचा हात? धाकट्या जाऊचा म्हणावा तर ती दिवसभर कामावर. माझा म्हणावा तर माझें कोण ऐकणार? मुलें मला बधत नाहींत, आणि मामंजींना मी कशी अडविणार? रात्रभर विचार करून सकाळीं मीं फडताळांतली ती वाटी काढली आणि सासूबाईंच्या हातांत दिली. म्हटलें, ‘आई, आजपासून ह्याला फक्त तुम्हींच द्यायचं. दुसऱ्या कोणी कण जरी दिला तर तुम्हीं त्याला बोलायचं.’ त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें. मग विचारलें, ‘किती वाजतां द्यायचं, तें सांग.’

त्या दिवसापासून आमच्या घरांत एक नवें न्यायासन स्थापन झालें. मामंजींना चहाची बशी खालीं ठेवण्याची बंदी झाली.

पहिले तीन-चार दिवस खंड्याला मऊ शिजवलेला भात, मीठ, तूप, फोडणी कांहींही न घातलेला, आणि त्याबरोबर साय काढलेल्या दुधाचें घरचें ताजें पनीर असें दिलें. पनीर चालतें, कारण दुग्धशर्करेचा बराचसा भाग निवळीबरोबर निघून जातो. ज्या घरीं अडचण नसेल त्यांनीं पनीराऐवजीं कातडी व हाडें काढलेली उकडलेली कोंबडी किंवा उकडलेलें अंडें द्यावें. तें अधिक चांगलें. चमचाभर उकडलेला लाल भोपळाही घालतां येतो; त्यानें मळ बांधून येतो. एका वेळीं थोडें, दर चार तासांनीं, आणि जवळ स्वच्छ पाणी. परंतु हें आजाऱ्याचें अन्न आहे, वाढत्या पिलाचें नव्हे. ह्यावर आठवडेच्या आठवडे काढूं नयेत.

येथें शाकाहारी घरांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें अवश्य वाटतें. मोठ्या कुत्र्याला जाणकाराच्या सल्ल्यानें शाकाहारावर ठेवतां येतें. वाढत्या पिलाला मात्र घरच्या अंदाजानें भात-पोळी-वरणावर ठेवणें हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला प्रथिनें पुष्कळ लागतात, आणि हाडांसाठीं चुना व स्फुरद ठराविक प्रमाणांत लागतात. नुसतें मांसही पुरत नाहीं, कारण त्यांत चुना नसल्यासारखाच. तेव्हां कुत्रें आणण्यापूर्वींच ह्या प्रश्नाचा निकाल घरांत लावावा, आणल्यावर नव्हे. आमच्याकडे निकाल असा लागला : पिलांसाठीं तयार मिळणारें परिपूर्ण खाद्य आणावयाचें. त्यांत कोंबडी असते हें सर्वांना ठाऊक आहे. पण तें कोरडें असतें आणि बंद डब्यांत राहतें, म्हणून सासूबाईंच्या शास्त्रांत तें बसलें. अंडें मात्र बसलें नाहीं. तें आठवड्यांतून दोनदां भाऊजी मागल्या पडवींत विजेच्या शेगडीवर उकडतात, आणि त्या वेळीं सासूबाईंना नेमकी तुळशीला पाणी घालण्याची आठवण होते.

नवें खाद्य एकदम सुरू केलें नाहीं. पहिले दोन दिवस तीन भाग भात व एक भाग खाद्य, कोमट पाण्यांत भिजवून. मग निम्में निम्में. मग तीन भाग खाद्य. नवव्या दिवशीं नुसतें खाद्य. मध्यें एकदां मळ पातळ झाला तेव्हां एक पायरी मागें येऊन दोन दिवस थांबलों. पिशवी बदलावयाची झाली तरी हाच क्रम. तीन महिन्यांचें होईपर्यंत दिवसांतून चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, पुढें दोन वेळां. प्रमाण पिशवीवर वजनाप्रमाणें दिलेलें असतें. त्यासाठीं दर रविवारीं खंड्याला भाजीच्या पाटींत बसवून काट्यावर ठेवूं लागलों. पाटींत तो स्वस्थ बसत नाहीं, म्हणून आंकडा कधीं शंभर-दोनशें ग्रॅम इकडे-तिकडे होतो.

त्या कागदावरील दोन-तीन जिनसांबद्दल डॉक्टर फार कडक बोलले, तें सर्वांनीं ध्यानांत ठेवावें. चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहे. जितकें काळें तितकें अधिक वाईट. द्राक्षें व बेदाणे ह्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे अपाय होतो ह्याचा नेम नाहीं; शिऱ्यांतले चार बेदाणेही निवडून काढावेत असें नव्हे, तर तो शिराच देऊं नये. आमच्या आमटींत चिंच असते. चिंच खाऊन कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचे दाखले २०२२ सालीं पशुवैद्यकांनीं प्रसिद्ध केले. द्राक्षांतील आणि चिंचेंतील एकच आम्ल ह्याच्या मुळाशीं असावें, असें आतां मानतात. कांदा-लसूण रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. मधुमेहाच्या माणसांसाठीं बिनसाखरेच्या ज्या गोळ्या, च्युइंग गम वगैरे मिळतात त्यांपैकीं कित्येकांत झायलिटॉल असतें. तें पोटांत गेल्यास कुत्र्याची साखर झपाट्यानें उतरते. आणि आपल्या औषधांच्या डब्यांतील जुलाबाची, तापाची किंवा दुखण्यावरची गोळी अर्धी, पाव, चिमूटभर, कशीही पिलाला देऊं नये.

सर्वच जुलाब खाण्यानें होतात असें मात्र समजूं नये. पिलूं खेळत असेल, खात असेल, ओकत नसेल, आणि मळ तेवढा पातळ असेल, तर एक दिवस पथ्यावर पाहण्यास हरकत नाहीं. पण ओकारी व जुलाब बरोबर सुरू झाले, मळांत रक्त दिसलें किंवा त्याला उग्र दुर्गंधी आली, पिलूं वाटीकडे पाठ करून पडून राहिलें, तर त्याच दिवशीं, किंबहुना त्याच तासाला, डॉक्टर गांठावा. पार्वो हा १९७८ पासून जगभर पसरलेला रोग पिलांचा मोठा काळ आहे. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक पिलें वांचतात, न झाले तर बहुतेक जातात. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांचें वय होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनीं टोंचावी लागते, कारण आईकडून आलेलें संरक्षण अंगांत असेपर्यंत लस नीट लागू पडत नाहीं. तोंवर पिलाला रस्त्यावर सोडूं नये. जंतांचें औषधही एकदां देऊन भागत नाहीं. आणि हे जंत मुलांनाही बाधूं शकतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलावी आणि पिलाला हात लावल्यावर मुलांनीं हात धुवावेत. हा एक नियम आमच्याकडे अजून पुरता पाळला जात नाहीं, हें कबूल करतें.

दिवाळीपर्यंत खंड्या साडेसहा किलोंचा झाला. फराळाला पाहुणे आले तेव्हां एका गृहस्थांनीं कौतुकानें चिरोट्याचा तुकडा त्याच्यापुढें धरला. माजघरांतून आवाज आला, ‘त्याला नका विचारूं, मला विचारा!’ गृहस्थांनीं तुकडा स्वतःच खाल्ला.

तथापि सासूबाईंच्या मनांतली एक गोष्ट राहिली होती. लस टोंचावयास खंड्याला नेलें तेव्हां त्यांनीं आपण होऊन बरोबर येण्याचा हट्ट धरला आणि डॉक्टरांना विचारलें, ह्याला माझ्या हातचा भात आतां कधींच चालणार नाहीं का? डॉक्टर म्हणाले, दुधाचा नको. ताज्या दह्याचा चमचाभर देऊन पाहा, दह्यांत ती साखर कांहींशी कमी झालेली असते. पाडव्याच्या दिवशीं दुपारीं त्यांनीं फडताळांतून जर्मनची वाटी काढली, बिनमिठाचा दहीभात एक चमचा कालवला, आणि पडवींत बसून त्याला चाटविला. दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं मला जाग आली तों मागच्या अंगणांत विजेरीचा प्रकाश हलत होता. थोड्या वेळानें त्या आंत आल्या, हातपाय धुतले, भिंतीवरच्या दिनदर्शिकेजवळ गेल्या आणि पेन्सिलीनें भाऊबिजेच्या चौकटींत लिहिलें : ‘ठीक.’